ग्रुपवर नसणाऱ्यांपर्यंतही निरोप पोहोचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलच्या अतिवापराबद्दल आपल्या दैनिकात अधूनमधून लेख येतात. त्यांतला सल्ला बहुधा एकच असतो: मन घट्ट करा, ॲप काढून टाका, थोडे दिवस लांब राहून बघा. सल्ला योग्यच आहे. पण तो मानून कुणी खरोखर लांब राहू लागले तर आपल्या बडोद्यात त्याचे काय होते, हे कुणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. म्हणून हे पत्र.

चातुर्मासात काहीतरी नियम धरायची आपल्याकडे रीत आहे. कुणी कांदा-लसूण सोडते, कुणी वांगे, कुणी रोज एक अध्याय वाचते. यंदा आषाढी एकादशीला मी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप न बघण्याचा नियम धरला. पहिल्या दोहोंचे सोपे गेले. तिथे खाते तात्पुरते बंद ठेवता येते. परत आले की सगळे जागच्या जागी सापडते. व्हॉट्सॲपवर अशी सोय नाही. खाते काढले की सगळ्या ग्रुपांतून नाव जाते, आणि परतायचे तर एकेका अ‍ॅडमिनला सांगून आत घ्यायला लावावे लागते. म्हणून खाते राहू दिले आणि ॲप तेवढे फोनवरून काढले. साधारण १२० दिवस वापर नसला तर तिथले खाते आपोआप काढले जाते. अधिक महिना मध्ये आला नाही तर चातुर्मास जेमतेम त्याच्या आत बसतो, तेव्हा ती काळजी नव्हती.

फायदे मी फार सांगत बसत नाही. झोप सुधारली. संध्याकाळी कमाटीबागेत चालताना हात पर्सकडे जात नाही. सासूबाईंशी दुपारचा चहा घेताना त्यांचे बोलणे पुरते ऐकले जाते, आणि मी ऐकते आहे म्हणून त्याही जास्त बोलू लागल्या आहेत. हे सगळे खरे आहे आणि मला मोलाचे वाटते.

पण श्रावण सुरू झाला आणि मकरपुऱ्यात राहणारे आमचे एक काका वारले. बातमी सकाळीच कुटुंबाच्या ग्रुपवर आली होती म्हणे. मला ती दहावा उलटून गेल्यावर भाजीबाजारात भेटलेल्या एका नातेवाइकांकडून कळली. त्याच संध्याकाळी भेटायला गेले. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "तू आली नाहीस, तेव्हा वाटलं आमचं काही चुकलं असेल." ज्या बाईंनी लहानपणी मला अंगाखांद्यावर खेळवले, त्यांना नवऱ्याच्या दुःखात वर हेही वाटून घ्यावे लागले. त्यांच्या मुलाला मी विचारले की एक फोन का नाही केलास. तो बिचारा धावपळीत होता. "ग्रुपवर टाकलं होतं ना," एवढेच म्हणाला. त्याला मी दोष देत नाही. आज सगळे असेच करतात, आणि टाकले म्हणजे पोहोचले असे सगळे मनापासून धरून चालतात.

त्यानंतर हेच उत्तर मी जागोजागी ऐकले. सोसायटीची टाकी धुवायची म्हणून पाणी बंद होते: ग्रुपवर टाकलं होतं. मुलीची चाचणी पुढे ढकलली होती. शाळेने रात्री दहाला कळवले, अर्थात ग्रुपवरच. मंडळाची गणपतीची बैठक झाली, वर्गणी ठरली, कार्यक्रम ठरले, तेही तिथेच. आमच्या जिन्याखाली काचेचा सूचनाफलक आहे. त्यावर दोन वर्षांपूर्वीच्या लिफ्ट दुरुस्तीची सूचना अजून लागलेली आहे, आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की समाजमाध्यमांपासून थोडे दूर राहणे हा आपण प्रत्येकाच्या मनोनिग्रहाचा प्रश्न करून ठेवला आहे, आणि तो तेवढाच नाही. गावातली सगळी कामाची माहिती ज्या एकाच दारातून येते, ते दार बंद करून कुणी किती दिवस बसेल? घरात एकट्यानेच उपास धरावा आणि स्वयंपाकघरात मात्र रोज पंगत उठावी, तशी ही गत आहे.

शिवाय ते दार साधे नाही. पाण्याची वेळ बघायला फोन उघडला की ती सूचना सुप्रभातच्या फुलांखाली आणि कुठल्या कुठल्या व्हिडिओंखाली शोधावी लागते. ती सापडेपर्यंत बोट दुसरीकडे गेलेले असते, आणि तिथे तर थांबायची जागाच ठेवलेली नाही. कितीही खाली सरकवले तरी पान संपू नये, ही रचना २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी संगणक-रचनाकारांनी तयार केली. पुढे त्यांनीच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेरीस आपल्याकडे बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील आणले. लोकांना सुटकेचा श्वास घ्यायला मधे एक महिनाही मिळाला नाही. शाळेचा निरोप वाचायला फोन हाती घेतलेली चौदा वर्षांची मुलगी अर्ध्या तासाने डोके वर काढते, तेव्हा तिला रागावण्याआधी तो निरोप आपण कुठे नेऊन ठेवला, हे मोठ्यांनी बघायला हवे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मधल्या तिथल्या मध्यावधी निवडणुकांच्या आधी एक प्रयोग केला होता. काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचा दिवसाला सुमारे तासभर मोकळा झाला, घरच्यांत आणि मित्रमंडळींत वेळ वाढला, समाधानही थोडे वाढले आणि राजकीय कडवेपणा उतरला. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली: त्या लोकांना बातम्यांची माहिती कमी राहिली. फायद्यांचा गवगवा होतो, या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष जात नाही. माणूस तिथून उठला तर त्याला जगाची आणि गल्लीची खबर दुसरीकडून मिळायला हवी, आणि ती जागा वर्तमानपत्राची आहे असे मला वाटते.

सगळ्यांनी मिळून ठरवले तर काय होते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे बोलत बसतात. तिथे कुणी मागे पडत नाही, कारण त्या वेळात मागे पडण्यासारखे काही घडतच नाही. बडोद्यासारख्या शहरात भोंगा वाजवून सगळी घरे थांबणार नाहीत हे मला कळते. एका सोसायटीपुरते, एका गल्लीपुरते मात्र जमावे.

विरुद्ध बाजूही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा कुठे पाणी किती, होडी कुठवर येते, दूध कुठे मिळते, हे आम्हाला ग्रुपांवरच कळत होते. ते उपकार मी विसरलेले नाही. पण वीज गेली, फोन एकेक करून बंद पडले, आणि मग गॅलरीतून हाका मारूनच निरोप पोहोचवले. ज्यांची मुले कॅनडात, अमेरिकेत आहेत त्यांनी फोनवर रोज त्यांचा चेहरा बघावाच. ज्या भगिनी घरी मसाले आणि पापड करून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात त्यांचे पोट त्यावर आहे. यांपैकी कुणी काही सोडावे असे मी म्हणत नाही. ज्याला थोडे दिवस बाजूला व्हायचे आहे, त्याला शेजारधर्मातून आणि नात्यागोत्यांतून बाजूला पडावे लागू नये, इतकेच मागणे आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. मृत्यूची बातमी फोन करून सांगावी. पाच घरांनी पाच-पाच घरे वाटून घेतली तर तासाभरात सगळीकडे कळते, पूर्वी असेच होत असे. सोसायटीने फलकाची किल्ली शोधावी. शाळांनी सूचना वहीत लिहून द्यावी आणि संध्याकाळनंतर काही कळवूच नये. ग्रुप ठेवायचाच असेल तर सूचनांचा वेगळा ठेवावा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील. ही सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८ पासून आहे आणि आमच्याकडे कुणी वापरत नाही.

याच शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, १९१० मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. वाचायला जे हवे ते माणसापर्यंत गेले पाहिजे, त्याला त्यासाठी कुणाचे आश्रित व्हावे लागू नये, अशी त्यांची दृष्टी होती. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही कुणीही आत जाऊन वाचत बसू शकते. शहरातल्या साध्या सूचनाही अशाच उघड्यावर असाव्यात असे मला फार वाटते.

आपल्याला एक विनंती आहे. गणेशोत्सव तोंडावर आला आहे. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी भागातल्या मंडळांची व्याख्याने, गाणी, मुलांच्या स्पर्धा या सगळ्यांची पत्रके आज फक्त फोनवर फिरतात. मंडळांनी ती आपल्या कार्यालयात आणून द्यावीत असे आवाहन आपण करावे आणि रोज चार बोटांच्या जागेत 'आजचे कार्यक्रम' छापावेत. निधनवार्तांचे दर सामान्य घराला परवडतील असे ठेवता आले तर तेही पाहावे. आमच्या मंडळाचे पत्रक मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, वडोदरा