पगार खात्याच्या त्या मेलबद्दल

फोंडा, गोवा

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "आई, हा मेल खरा असेल का? आज रात्रीच फॉर्म भरायचाय, नाहीतर पगार अडकेल." मी फक्त "भरू नको, झोप" एवढंच लिहिलं. तुला ते तुटक वाटलं असेल, म्हणून सकाळी पूजा आटोपून निवांत लिहायला बसले.

तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये कंपनीचा लोगो आहे, एचआर मॅडमचं नाव आहे, तुझा एम्प्लॉयी नंबरसुद्धा आहे. त्यावरून काहीच ठरत नाही गं. लोगो कुणीही उचलतो, नाव कुणीही टाकतो आणि एम्प्लॉयी नंबर एखाद्या जुन्या मेलमधून बाहेर गेलेला असू शकतो. ईमेल पाठवण्याचे मूळ नियम १९८२ साली लिहिले गेले, तेव्हा पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासायची सोयच त्यांत नव्हती. मागाहून ठिगळं लावली.

मला पाहायचा आहे तो नावामागचा पत्ता. फोनवर पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप केलंस की तो दिसेल. 'ॲट'च्या पुढचा भाग उजवीकडून डावीकडे वाच. आपण पाकिटावर घर, वाडा, गाव, तालुका असं लिहितो आणि पत्र कुठल्या मुलखातलं हे शेवटच्या ओळीवरून कळतं, तसंच हे. सुरुवातीला तुझ्या कंपनीचं नाव आणि शेवटी 'पेरोल-अपडेट डॉट कॉम' असेल, तर ते पत्र कंपनीच्या घरचं नव्हे. अक्षरंही नीट बघ. इंग्रजी आर आणि एन शेजारी शेजारी आले की एमसारखे दिसतात, आणि रात्री दमलेल्या डोळ्यांना तर दिसतातच. लिंकवर बोट दाबून धरलंस तर ती न उघडता तिचा पत्ता दिसतो, तोही असाच वाच, सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नको. मधल्या वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढंच ते सांगतं, पलीकडे कोण बसलाय ते सांगत नाही.

लॅपटॉपवर जीमेल उघडून तीन टिंबांखालचं 'शो ओरिजिनल' दाबलंस, तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा, पाठवणाऱ्याचा पत्ता तपासल्याच्या ओळी दिसतील. तिथे 'फेल' असेल तर सावध हो. पण 'पास' म्हणजे मेल खरा, असं मात्र नाही. तो त्या डोमेनवरूनच, म्हणजे 'ॲट'पुढच्या त्या पत्त्यावरूनच निघाला, इतकाच त्याचा अर्थ. चोराने स्वतःचं डोमेन रीतसर विकत घेतलं, तर त्यालाही पास मिळतो.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते, ते तुला कधी बोलले नव्हते. तू नववीत असताना मी वेर्ण्याला अकाउंट्स बघत होते. एका नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला, "आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा." पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर होता, कारण त्यांचा मेलबॉक्सच कुणीतरी फोडला होता. तरी मी फोन करून विचारलं. समोरच्या माणसाने शांतपणे, आदराने खातं बरोबर असल्याचं सांगितलं, आणि मी तीन लाख चाळीस हजार पाठवले. दहा दिवसांनी खऱ्या पुरवठादाराचा फोन आला, पैसे कुठे आहेत म्हणून. मी नंबर त्या मेलखालचाच लावला होता, बाय. जुना नंबर माझ्याच टेबलावरच्या डायरीत होता. पैसे परत आले नाहीत. त्या महिन्यात मला रात्रीची झोप नव्हती, आणि तुम्हा मुलांना सांगायचं धैर्यही नव्हतं.

म्हणून विचारायचं ते आपल्या वाटेने जाऊन, मेलने दाखवलेल्या वाटेने नव्हे. त्या मेलला उत्तर देऊन विचारू नको. कंपनीचं पोर्टल रोज उघडतेस तसं स्वतः टाइप करून उघड आणि तिथे तशी सूचना आहे का बघ. बँकेच्या मेललाही हेच. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला सांगितलं होतं, तेव्हा बँकेच्या वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट तसा आहे का पाहा.

कधी खरा मेलही खोट्यासारखाच दिसतो. गेल्या वर्षी तुझ्या विमा कार्डाचा मेल भलत्याच नावाच्या कंपनीकडून आला होता आणि तो खरा निघाला, कारण ते काम तुमच्या ऑफिसने बाहेर दिलं होतं. तेव्हा तू विचारलंस म्हणून कुणी रागावलं नाही. आताही रागावणार नाहीत.

मला सांगायला संकोचून तू रात्री काही भरलं असशील, तर आत्ता सांग, मी एक शब्द बोलणार नाही. पासवर्ड लगेच बदल, सगळीकडून लॉगआउट कर आणि आयटीवाल्यांना कळव. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लाव आणि बँकेला कळव. तिथे मिनिटं मोजली जातात.

तुझं नेमणूकपत्र इथे माझ्या कपाटात, तुझ्या मार्कशीटांच्या फाइलीत आहे. त्यावर एचआरचा नंबर छापलेला आहे. दहाला ऑफिस उघडलं की मला फोन कर, मी तो वाचून दाखवते. मग तू त्यांना लाव. चतुर्थीच्या रजेचंही त्याच फोनवर विचारून घे, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला यंदा तुझे हात हवेत.

तुझी,
आई