बालगृहातल्या मुलांच्या भेटी अधीक्षकांच्या मर्जीवर नकोत
महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बालगृहातील मुलांच्या कुटुंबीयांशी भेटी, फोन व रजा यांबाबत

महोदया,
सप्रेम नमस्कार.

बालगृहांबद्दल आपल्याकडे येणारी निवेदनं बहुधा थकलेल्या अनुदानाची, कर्मचाऱ्यांच्या मानधनाची, नाहीतर गळक्या इमारतींची असतात. ती रास्तच आहेत. हे पत्र मात्र भेटीच्या दिवसाबद्दल आहे. मराठवाड्यात परिवीक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल देणारी अधिकारी म्हणून, नोकरी करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. मुलाने घरच्या माणसांना कधी भेटायचं, किती वेळ, आणि कुणी भेटायचंच नाही, हे आज त्या त्या अधीक्षकांच्या स्वभावावर ठरतं. ते मुलाच्या कागदावर ठरायला हवं.

बालगृहात अनाथ मुलं असतात अशी बाहेर समजूत आहे. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे पाहुणे मुलांना तोंडावर विचारतात, ‘तुला कुणीच नाही का रे?’ प्रत्यक्षात मी ज्या रजिस्टरांवर सह्या केल्या त्यांत बहुतेक मुलांच्या नावापुढे कुणी ना कुणी होतं. बाप गेलेला आणि आई ऊसतोडीला. आई गेलेली, बापाने दुसरं लग्न केलेलं, आणि सांभाळायची तयारी असलेल्या आजीला स्वतःच्याच गोळ्या-औषधांची भ्रांत. या मुलांना घर नाही असं नाही. घराला ती आत्ता परवडत नाहीत. आपल्याच विभागाच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वातून ४,००० रुपये वेळेवर हातात पडले, तर यातली कितीतरी मुलं संस्थेची पायरीही चढणार नाहीत. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३ मध्ये १६ तत्त्वं दिली आहेत आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्यातलंच एक. कलम ४० सांगतं की मुलाला पुन्हा कुटुंबात पोचवणं हे बालगृहाचं मुख्य उद्दिष्ट आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम ९ मध्ये तर स्पष्टच लिहिलं आहे की आईबापांपासून वेगळ्या राहणाऱ्या मुलाला त्यांच्याशी नियमित, प्रत्यक्ष संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. त्याच्या हिताला बाधा येत असेल तरच अपवाद. म्हणजे भेट हा मुलाचा हक्क आहे. संस्थेत तिला सवलत समजतात, आणि सवलत म्हटली की ती काढून घेता येते. भांडण केलं, भेट बंद. पळून जायचा प्रयत्न केला, महिनाभर फोन नाही. पळालेला मुलगा बहुतेक वेळा घराच्याच दिशेने पळालेला असतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

भेट म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, तेही सांगते. रविवारी सकाळी व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतात. बाहेरगावचे पालक पहिल्या एसटीने येऊन फाटकापाशी बसलेले असतात. फाटकावर पिशव्या तपासतात. घरून आणलेलं काही मुलाला देता येत नाही, कारण एकाला विषबाधा झाली तर नोकरी सगळ्यांचीच जाते. भीती खरी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणलेल्या बाईला ती पिशवी तशीच परत न्यावी लागते. मुलगा समोर येतो आणि पहिली दहा मिनिटं बोलतच नाही. आई मग बोलण्याच्या नादी न लागता त्याची नखं बघते, मान वाकवून केसांत उवा बघते, शर्ट वर करून पाठीवर खरूज आहे का ते बघते. मुलगा अंग चोरतो, आणि हळूहळू सैल होतो. शाळेतल्या कुणाबद्दल तरी काहीतरी सांगायला लागतो. तेवढ्यात काळजीवाहक घड्याळ दाखवतो. हाच काळजीवाहक पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर उभा असतो, तेव्हा तो मारतो की नाही हे मुलगा आईला सांगणार कसं? देखरेख हवी, पण ती नजरेच्या टप्प्यातून; कान लावून नव्हे.

याहून मोठी गोष्ट रविवारी संध्याकाळी घडते, आणि ती कुठल्याही अहवालात येत नाही. आई गेल्यावर मूल बिथरतं. जेवत नाही, ताट ढकलतं, लहानग्याला मारतं, रात्री अंथरूण ओलं करतं. सोमवारी काळजीवाहक नोंद करतात : ‘पालक भेटीनंतर वर्तनात बिघाड.’ अशा दोन-तीन नोंदी झाल्या की बैठकीत कुणीतरी अगदी चांगल्या हेतूने म्हणतं, ‘भेटीने डिस्टर्ब होतो, काही दिवस थांबवू या.’ भेट थांबते, मूल शांत होतं, सगळ्यांना वाटतं उपाय लागू पडला. महोदया, ते शांत होणं फार वाईट असतं. भेटीनंतर रडणारं मूल अजून कुणाचं तरी असतं. त्या रडण्याला सोबत हवी असते, आणि सोबत करायचं ज्याचं काम, तो समुपदेशक रविवारी साप्ताहिक सुट्टीवर असतो. पालकांना येता येतं तोही रविवारच! समुपदेशकाची सुट्टी सोमवारवर न्यायला नवा पैसा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

आता प्रवासाचं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं आणि भेटीला येणाऱ्या आया वाढल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो निर्णय या मुलांसाठी नव्हता, तरी फायदा त्यांना झाला. ७५ च्या पुढच्या आजीला तर तिकीटच नाही. राहिला बाप, मामा, आणि बुडालेली मजुरी. संस्थेच्या खर्चपत्रकात आहार, कपडे, साबण-तेल, औषधं अशी शीर्षं मी वर्षानुवर्षं भरली. त्यात पालकांच्या प्रवासाचं शीर्ष कधी दिसलं नाही. मुलाला संस्थेत ठेवायचं की घरी, हे ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या पत्रावर महिन्यातून एका फेरीचं एसटी भाडं मिळालं, तर ‘पालक भेटीस येत नाहीत’ या शेऱ्याचा अर्थ तरी नीट कळेल. आज त्या शेऱ्यात निष्काळजी बाप आणि कफल्लक बाप एकाच ओळीत बसतात.

फोनचंही तसंच. करोनाच्या काळात भेटी बंद झाल्या आणि संस्थांमध्ये व्हिडिओ कॉल सुरू झाले. म्हणजे ते जमतं. नंतर फोन अधीक्षकांच्या कपाटात गेला. ऊसतोडीवरच्या आईबापांचा नंबर हंगामात बदलतो, रिचार्ज संपतो. फाइलमध्ये असतो तो टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर, आणि मुकादम मुलाचा निरोप कशाला पोचवील? दर तीन महिन्यांनी फाइलमधले नंबर तपासून नवे लिहिणं, हे काम कुणाच्या तरी नावावर टाकायला हवं.

रजेबद्दल थोडं सविस्तर लिहिते. अधिनियमाच्या कलम ९८ नुसार समिती मुलाला परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, मृत्यू, आईवडिलांचा अपघात किंवा गंभीर आजार अशा प्रसंगी साधारण सात दिवसांपर्यंत रजा देऊ शकते, प्रवासाचे दिवस वगळून. अनेक बालगृहं दिवाळीत मुलांना घरी पाठवतात, ही चांगली प्रथा आहे. पण बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांची दिवाळी आणि हंगाम एकदमच येतात. मुलाला रजा मिळते तेव्हा घराला कुलूप असतं. मग शेजारी किंवा थकलेली आजी, किंवा रजा नाहीच. याच मुलाला उन्हाळ्यात, कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आईबाप गावी आल्यावर पाठवलं तर त्याला खरंच घर मिळेल. रजा शाळेच्या कॅलेंडरवर ठरते; ती कुटुंबाच्या कॅलेंडरवर ठरायला हवी, आणि हे प्रत्येक मुलासाठी संस्थेत तयार होणाऱ्या लेखी वैयक्तिक काळजी आराखड्यात आधीच लिहिता येतं.

मृत्यूच्या वेळी तर हा कारभार अंगावर येतो. निरोप पहाटे येतो. रजेला समितीचा आदेश लागतो. समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसावं असं कायदा म्हणतो, पण तो दिवस नेमका बैठकीचा नसतो, सदस्य दुसऱ्या तालुक्यात असतात. मूल पोचतं तेव्हा सावडणं झालेलं असतं. समिती बसलेली नसताना मुलाला एकट्या सदस्यासमोर हजर करण्याची सोय कायद्यात आहेच. तशीच एका सदस्याने फोनवर संमती द्यावी आणि आदेश मागाहून व्हावा, अशी स्पष्ट सूचना सर्व जिल्ह्यांना गेली पाहिजे.

आणि भावंडं. मुलांची आणि मुलींची बालगृहं वेगळी. त्यामुळे एकाच दिवशी समितीपुढे आलेले भाऊ-बहीण दोन संस्थांत, कित्येकदा दोन गावांत जातात. त्यानंतर त्यांची गाठ घालून देणं हे कुणाचंच काम नसतं. आईबाप नसलेल्या मुलांसाठी तर तेवढंच घर उरलेलं असतं. रक्षाबंधनाला मात्र बालगृहात गर्दी उसळते. महिला मंडळं येतात, पक्षांच्या कार्यकर्त्या येतात, मुलांच्या मनगटावर कोपरापर्यंत राख्या चढतात, फोटो निघतात. त्या मुलाची सख्खी बहीण त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या बालगृहात कुणा पुढाऱ्याला राखी बांधत असते. आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्याही त्यात असतात म्हणून आपल्याला सांगते : पुढच्या राखीला त्यांनी राख्या आणू नयेत, एक गाडी आणावी.

सगळ्या भेटी चांगल्या असतात असं माझं म्हणणं नाही. मुलाला भिकेला लावणारा बाप असतो. दारू पिऊन भेटीला येणारा असतो. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात आरोपी घरातलाच असेल, तर भेटीला आलेली मावशी बिस्किटाच्या पुड्याबरोबर निरोपही आणते, ‘कोर्टात नाही म्हण, घर मोडेल.’ अशा ठिकाणी भेट थांबवलीच पाहिजे, किंवा समुपदेशकासमोरच झाली पाहिजे. पण ते समितीने लेखी कारण देऊन, मुदत घालून आणि मुलाला विचारून ठरवावं. ‘मला नाही भेटायचं’ म्हणण्याचा हक्कही मुलाचाच आहे. मुलींना, विशेषतः, आई इतक्या लांबून आली म्हणून समोर ढकललेलं मी पाहिलं आहे. एका माणसाची भेट थांबवली म्हणून सगळं माहेर-सासर तोडायचंही कारण नाही. बाप नको असेल तर आत्या चालेल का, जुने शेजारी चालतील का, हे विचारावं.

आपल्याकडे माझं मागणं एवढंच आहे. वैयक्तिक काळजी आराखड्यात कुटुंब संपर्काचं एक पान सक्तीचं करा. कोण भेटेल, किती वेळा, फोन कोणत्या वारी, भावंडं कुठे, रजा कोणत्या महिन्यात, कुणाला मनाई आणि का. ते पान मुलाला वाचून दाखवा, पालकाला त्याची प्रत द्या, समितीने दर तीन महिन्यांनी ते तपासावं. शिक्षा म्हणून भेट किंवा फोन बंद करणं हा गैरवर्तणुकीचा विषय ठरवा. तपासणी समित्या संस्थेत जातात तेव्हा स्वयंपाकघर, संडास, स्टॉक रजिस्टर बघतात. त्यांना भेट रजिस्टरही बघायला सांगा, आणि ज्या मुलाकडे वर्षभर कुणीच फिरकलं नाही त्याची गृहचौकशी पुन्हा करायला लावा. कित्येकदा पत्ता बदललेला असतो, एवढंच.

मुलगा अठरा पूर्ण करून बाहेर पडतो तेव्हा संस्था त्याच्या हातात कागद देते आणि पालकाची सही मागते. ज्याच्या भेटी नवव्या वर्षी ‘काही दिवस’ थांबवल्या होत्या, त्याने ती सही कुणाकडून आणायची, हे मला आपल्या विभागाकडून लेखी हवं आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी