इंजिन कोणाचं? संरक्षणमंत्र्यांना भुसावळहून खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय, सादर नमस्कार.

२०२५च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, आपण ओझरला आला होतात. नाशिकच्या कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए, आपलं हलकं लढाऊ विमान, आपल्यासमोर उडालं. मी तेव्हा अमळनेरला मेहुण्याच्या ओट्यावर बसून मोबाईलवर ते पाहत होतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा कापसाचा शेतकरी, शिक्षण सातवी. त्याने एवढंच विचारलं, "इंजिन कोनं शे?" मी म्हटलं, अमेरिकेचं. तो पुढे काही बोलला नाही, पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून हे पत्र.

मी वैमानिक नाही, विमानाच्या कारखान्यातही कधी नव्हतो. माझी सगळी नोकरी औष्णिक वीजकेंद्रांत, टर्बाइन मेंटेनन्समध्ये गेली. त्यामुळे विमानाकडे मी पोटातून बघतो.

एकदा ओव्हरहॉलमध्ये केसिंग उघडलं, रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बाहेर काढला आणि ब्लेडची डीपी टेस्ट घेतली, म्हणजे रंग मारून तडे शोधायची तपासणी. आधी लाल रंग मारायचा, पुसून काढायचा, मग वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. धातू धड असेल तर पांढराच राहतो. त्या दिवशी एका ब्लेडच्या मुळाशी केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली, म्हणजे तडा. बोटभर लांबीसुद्धा नव्हती. तेवढ्या रेघेपायी अख्खा संच महिनोन् महिने बंद राहिला, कारण ब्लेड परदेशातून यायचं होतं आणि ते कधी येईल हे आमच्या हातात नव्हतं. आमची वाफ साधारण ५४० अंश सेल्सिअसची. लढाऊ विमानाच्या टर्बाइनवर येणारा वायू १,५०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून तापलेला असतो. ब्लेड ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं, तो त्याआधीच वितळतो. तरी ब्लेड टिकतं, कारण ते अख्खं एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, आतून हवा खेळवायला बारीक वाटा असतात आणि वरून सिरॅमिकचा लेप असतो. हे एकट्याने करू शकणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

गेल्या वर्षभरात आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा स्टेल्थ, म्हणजे रडारला सहज न दिसणाऱ्या, विमानांची चर्चा चालते. फेब्रुवारी २०२५मध्ये बंगळूरच्या एअरो इंडियात अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सुखोई-५७ एकाच वेळी हजर होते, तेव्हापासून हे किंवा ते घ्याच असा धोशा सुरू आहे. पलीकडे चीनची जे-२० आहेत, जे-३५ पाकिस्तानला देऊ केल्याच्या बातम्या आहेत आणि मिग-२१ निवृत्त झाल्यावर आपल्या हवाई दलाकडे मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९च उरल्या आहेत. घाई का वाटते ते मला कळतं. ती खोटी नाही.

पण ही विमानं इंजिनापासून पाहिली की वेगळी दिसतात. एफ-३५ एकाच इंजिनावर उडतं, एफ-१३५वर, आणि आफ्टरबर्नरसह, म्हणजे मागे जादा इंधन जाळून, त्याचा जोर १९० किलोन्यूटनच्या घरात जातो. त्या मानाने सुखोई-५७ची दोन इंजिनं जुन्या घराण्यातली. नव्या घराण्याचं इंजिन रशिया अजून घडवतो आहे. चीननेही जे-२०ला सुरुवातीला रशियन इंजिनं लावली, मग स्वतःचं डब्ल्यूएस-१० आणि आता डब्ल्यूएस-१५. आपला शेजारी इंजिनावर किती वर्षं चिकाटीने बसला, हे त्यातून दिसतं.

रडारचीही गोष्ट इंजिनाशीच येऊन थांबते. एईएसए रडार म्हणजे शेकडो छोटी प्रक्षेपक-ग्राहक एककं, आणि ती चालली की तापतात. त्यांना वीज लागते, थंडावा लागतो आणि दोन्ही इंजिनातूनच यायचं. एफ-३५मध्ये यंत्रणा वाढत गेल्या तसं इंजिनावर मूळ आराखड्यापेक्षा जास्त ओझं आलं, त्याची झीज वाढली, आणि शेवटी २०२३मध्ये अमेरिकेने इंजिनाचा गाभाच सुधारायचं ठरवलं. स्टेल्थचंही तसंच. समोरून येणारी रडारलहर इंजिनाच्या पंख्यापर्यंत पोचली की जोरात परतते, म्हणून हवेची वाट नागमोडी करून पंखा लपवतात. म्हणजे इंजिन, रडार, लपणं या तीन वेगळ्या खरेद्या नाहीतच. रडारमध्ये आपल्या बंगळूरच्या लोकांनी 'उत्तम' नावाचं रडार करून दाखवलं, आपल्या हवाई दलाच्या सुखोई-३०साठी गॅलियम नायट्राइडचं 'विरूपाक्ष' घडतं आहे. तिथे मला काळजी वाटत नाही. काळजी इंजिनाची आहे.

आणि निर्यातीची. आमच्याकडे शेतकरी पाणबुडी मोटार घेताना आधी काय बघतो? गावात तिचा रिवाइंडिंगवाला आहे का. ऐन केळीच्या हंगामात मोटार जळाली आणि दुरुस्तीला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं, तर बाग गेली. विमान विकत घेणारा देशही हेच बघतो, कारण तो तीस-चाळीस वर्षांचा संसार मांडत असतो. जून २०२५मध्ये ब्रिटनचं एक एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरलं आणि बिघाडामुळे पाच आठवड्यांहून जास्त तिथेच राहिलं. ब्रिटनहून माणसं आली तेव्हा ते दुरुस्त झालं. तुर्कस्तानने रशियाची एस-४०० ही विमानं पाडणारी क्षेपणास्त्र यंत्रणा घेतली म्हणून २०१९मध्ये त्याला एफ-३५च्या कार्यक्रमातून काढून टाकलं. ती आपल्याकडेही आहेच. तुर्कस्तान आता स्वतःचं 'कान' नावाचं विमान इंडोनेशियाला विकतो आहे, पण त्यात इंजिन अमेरिकेचं एफ-११०. दक्षिण कोरियाच्या केएफ-२१ विमानातही अमेरिकी एफ-४१४ इंजिन. विमान यांचं, पण विकायला परवानगी दुसऱ्याची.

हा अनुभव आपल्याही पदरात आहे. १९७८मध्ये स्वीडनचं व्हिगन विमान भारताला मिळू शकलं असतं. त्याचं इंजिन अमेरिकी मूळाचं होतं, अमेरिकेने परवाना दिला नाही आणि व्यवहार तिथेच बुडाला. आपण जॅग्वार घेतलं. त्याच्याही आधी मारुत. १९६१मध्ये उडालेलं, ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं आपलं विमान, पण त्याला साजेसं इंजिन कधीच मिळालं नाही आणि ते ध्वनीचा वेग ओलांडायलाही धडपडत राहिलं. तरी १९७१मध्ये ते लढलं. ओळीने वाचत जावं तर वाईट वाटतं, साहेब. तेजससाठी आपलं स्वतःचं इंजिन, कावेरी, १९८९मध्ये मंजूर झालं, २००८मध्ये तेजसपासून वेगळं केलं गेलं आणि उंचीवरच्या चाचण्यांसाठी ते रशियाला न्यावं लागलं. २०२१मध्ये मार्क-१एसाठी ९९ इंजिनं मागवली, त्यातलं पहिलं मार्च २०२५मध्ये आलं. मधल्या काळात सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट पाहत होते. माझ्या त्या लाल रेघेसारखंच.

आपल्या स्वतःच्या स्टेल्थ विमानाच्या, अ‍ॅम्काच्या, घडणीला २०२४मध्ये सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले. त्याचं पहिलं रूप ९८ किलोन्यूटनच्या एफ-४१४वर उडेल, आणि पुढच्या रूपासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर सुमारे १२० किलोन्यूटनचं इंजिन भारतातच घडवायचं, असं आपण ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलंत. माझी सगळी विनंती त्या घोषणेपाशी आहे. हवाई दलाला मधल्या काळासाठी परदेशी विमानं लागत असतील तर घ्या, तो निर्णय त्यांच्या अधिकाऱ्यांचा, मी त्यात तोंड घालणार नाही. फक्त त्या खरेदीचा पैसा इंजिनाच्या पैशातून जाऊ देऊ नका. आणि साफ्रानशी करार करताना एक-स्फटिक ब्लेड ओतायची रीत, लेपाची रीत आणि गरम भागाचा आराखडा आपल्या हाती येणार का, हे आधी लिहून घ्या. जोडणी आपल्याकडे आणि गरम भाग बंद पेटीतून, असं झालं तर आपण पुन्हा १९७८मध्येच उभे असू. उंचीवरच्या चाचण्यांची सोय आणि इंजिन तपासायला उडतं विमानही देशातच हवं, मॉस्कोला जायची पाळी परत नको.

आता खान्देशासाठी मागतो. भुसावळला आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रामुळे टर्बाइनवर हात बसलेली माणसं इथे पिढीने आहेत, माझ्यासारखी निवृत्त झालेली कितीतरी. भुसावळहून नाशिकला रेल्वेने चार तासांच्या आतबाहेर पोचता येतं. इथल्या आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर, टर्नर शिकून पोरं पुण्याला, सुरतला जातात. त्यांना डीपी टेस्ट, अल्ट्रासॉनिक, एक्स-रे तपासणी आणि मेणाच्या साच्यातून बारीक ओतकाम शिकवायचा अभ्यासक्रम जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ओझरच्या कारखान्याशी जोडून सुरू करा. इंजिन दहा-बारा वर्षांनी तयार होणार असेल, तर ते तपासणारं पोर आज दहावीत आहे. शिकवायला मी फुकट येईन. डेव्हलपर फवारल्यावर किती वेळ थांबायचं आणि उजेड कुठल्या बाजूने धरायचा, हे पुस्तकातून येत नाही.

आपण पुन्हा ओझरला याल तेव्हा भुसावळपर्यंत यावं. मे महिन्यात आलात तर इथला पारा ४५च्या पुढे असतो. अशा पातळ हवेत इंजिनाची ताकद घटते, तेव्हा नव्या इंजिनाची एखादी चाचणी याच उन्हात घ्यायला हरकत नाही. मेहुण्यालाही त्या दिवशी बोलावून घेईन. त्याचा प्रश्न तो आपल्यालाच विचारील.

आपला नम्र,
एक निवृत्त टर्बाइन तंत्रज्ञ
भुसावळ, जि. जळगाव