किशी स्थानकाविषयी आबांना पत्र

ओसाका

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या यवतमाळची बंद पडलेली शकुंतला रेल्वे पुन्हा धावेल की नाही, याची आपल्याला लागलेली काळजी मागील पत्रातून जाणवली, म्हणून बंद पडता पडता वाचलेल्या येथील एका लहान रेल्वेमार्गाची हकीकत कळवते. ओसाकाच्या दक्षिणेस वाकायामा हे शहर आहे. तेथून किशीपर्यंत 14.3 किलोमीटरचा एकेरी मार्ग जातो आणि त्यावर 14 स्थानके आहेत. दोन डब्यांच्या गाडीत चालकाखेरीज दुसरा कर्मचारी नसतो. कर्मचारी नसलेल्या स्थानकांवर मागच्या दाराने चढून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना पुढच्या दारापाशी भाडे भरायचे, अशी पद्धत आहे.

किशी हे 1933 मध्ये सुरू झालेले शेवटचे स्थानक. भोवतालचा परिसर स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. प्रवासी कमी होऊन तोटा वाढत गेल्यामुळे नानकाई या मोठ्या रेल्वे कंपनीने हा मार्ग सोडण्याचे ठरविले, तेव्हा शाळकरी मुलांचे आणि वृद्धांचे काय होणार, हा प्रश्न घेऊन रहिवासी संघटित झाले. त्यातून निघालेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. रुळांखालची जमीन स्थानिक नगरपालिकांनी आपल्याकडे घेतली, 10 वर्षांत एकूण 82 कोटी येनपर्यंतचा तोटा भरून देण्याची हमी दिली, आणि गाड्या चालविण्याची जबाबदारी ओकायामाच्या एका ट्राम कंपनीने नवी कंपनी काढून 1 एप्रिल 2006 पासून उचलली. शकुंतलेचा मार्ग ब्रिटिशकालीन खासगी कंपनीच्या मालकीचा आणि गाड्या मात्र सरकारी रेल्वेच्या; येथे मात्र जमीन नगरपालिकांची आणि गाड्या खासगी कंपनीच्या, आणि म्हणूनच मार्गाच्या भवितव्याविषयी निर्णय घेण्याचे बळ गावाकडे राहिले.

जगाला हे स्थानक माहीत झाले ते तामा नावाच्या तिरंगी मांजरीमुळे. स्थानकाशेजारच्या दुकानातील मांजरांचे खोपटे हस्तांतराच्या वेळी हलवावे लागणार होते, तेव्हा दुकानाच्या मालकीणबाईंनी त्यांना स्थानकात आसरा देण्याची विनंती नव्या कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबु कोजिमा यांना केली. त्यांनी जानेवारी 2007 मध्ये तामाची थेट स्टेशनमास्तर म्हणून नेमणूक केली आणि तिला अधिकृत टोपीही दिली. तिला पाहण्यासाठी दूरदूरचे लोक याच गाडीने येऊ लागले. जून 2015 मध्ये ती गेल्यावर फलाटावर तिचे छोटे देऊळ उभारण्यात आले, आणि ते पाहून मला मुळीच नवल वाटले नाही. ज्या जीवामुळे गावाचे भले झाले त्याला हात जोडणे आपल्यालाही परके नाही. स्थानकाची इमारत 2010 मध्ये एजी मितोओका यांच्या आराखड्यानुसार नव्याने बांधली गेली. तिचे झाडाच्या सालींनी शाकारलेले छप्पर मांजरीच्या चेहऱ्याच्या आकाराचे असून त्याला दोन कानही आहेत.

तथापि, आबा, केवळ मांजरीने मार्ग वाचविला असे मी म्हणणार नाही. तामाच्या नेमणुकीपूर्वीच करार झाला होता, गाड्या सुरू होत्या आणि स्ट्रॉबेरीच्या चित्रांनी सजविलेली गाडीही धावू लागली होती. तामाने त्या खटपटीला प्रवासी मिळवून दिले.

या कराराची कलमे मराठीत उतरवून पुढील पत्रासोबत पाठवते. यवतमाळला शकुंतलेसाठी झटणाऱ्या मंडळींना ती आपण अवश्य दाखवावीत. आजीस नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक नात