पोरगं बारीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या लठ्ठपणावर पेपरात मधूनमधून बातम्या येतात, सोबत फोटो असतो, गुबगुबीत मुलगा आणि हातात बर्गर. ते वाचून आमच्याकडच्या आईवडलांना वाटतं की हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या पोरांचं काहीतरी आहे, आपल्याचं बघा, अंगावर मांस नाही, बरगड्या मोजून घ्या, त्याला काय होतंय, खाऊ दे काय खायचं ते. ह्या "खाऊ दे" बद्दलच मला लिहायचंय.

मी शिरूर भागात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रांजणगाव एमआयडीसीत कामाला लागायच्या आधी मेडिकल करावं लागतं, त्यासाठी सकाळी उपाशीपोटी पोरं येतात, आयटीआय झालेली, नुकतीच विशी ओलांडलेली. मध्ये असाच एकजण आला होता, दंड एवढा बारीक की पट्टा आवळून आवळून बांधावा लागला. फास्टिंग शुगर आली ११४. शंभरच्या आत नॉर्मल, १२६ आणि पुढे डायबेटिस, आणि मधलं जे आहे त्याला आपण बॉर्डरलाइन म्हणतो. तो म्हणाला मॅडम मशीन चुकलं असेल, परत लावा. परत लावलं, तेच. मग आईला फोन लावून माझ्याकडे दिला, आणि त्या माउलीचं एकच म्हणणं, "अहो ताई, त्याचं वजन बावन्न किलो आहे, त्याला कसली शुगर?" अशी पोरं आता नवीन राहिली नाहीत, आणि बहुतेक सगळी दिसायला सडपातळच.

ह्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलंय हे फार कमी लोकांना माहिती असतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांची मुलं मोठी होईपर्यंत तपासत राहिले. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. आपलं बाळ लहान, पण मोजमाप केल्यावर कळलं की कमी आहेत ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे बाहेरून बारीक, आतून चरबी. ह्याच मुलांची अठराव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा मुलग्यांमध्ये साधारण तीनात एकाची साखर नॉर्मलच्या वर निघाली, आणि ही काही जाडी पोरं नव्हती, गावाकडचीच, आपल्यासारखी.

२००४ मध्ये याज्ञिक सरांनी त्यांच्या जॉन युडकिन नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मित्रासोबत लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं होतं, दोघांचा शेजारी शेजारी फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले डॉक्टर २१.२ टक्के! मला वाटतं हा फोटो प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात लावायला हवा, कारण वजनकाट्यावर विश्वास ठेवून आपण किती फसतो ते त्यात एका नजरेत कळतं.

आता कोणी म्हणेल जन्माच्या आधीच ठरलंय तर मग करायचं काय. खूप करता येतं. जेवणानंतर रक्तात जी साखर येते तिच्यातली बरीचशी स्नायू उचलतात. आपल्या पोरांकडे मुळात स्नायू कमी, त्यात दिवसभर बाकावर, मग क्लास, मग मोबाईल, आणि वरून गोड-तळलेलं, मग ती साखर जाणार कुठे? म्हणून बारीक मुलाला उपाशी ठेवा असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट त्याला नीट खायला घाला पण डाळ, उसळ, अंडं, दूध, शेंगदाणे असं घाला, आणि त्याला पळवा, दमवा, घामाघूम होऊ द्या. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगला दम लागेल असं खेळायला सांगते. रोज हं, गॅदरिंगच्या आठवड्यात नाही.

आणि इथेच शाळांवर माझा राग आहे. वेळापत्रकात पीटीचा तास असतो, प्रत्यक्षात तो गणिताला जातो, नाहीतर सहामाही जवळ आली म्हणून इंग्रजीला जातो, आणि दहावीला तर तो तास कागदावरच राहतो. माझी भाची सातवीत आहे, तिला विचारलं काल पीटीला काय केलं तर म्हणे सरांनी वहीत खो-खोचे नियम लिहून दिले. मैदानाची लांबी-रुंदी पाठ आहे तिला, पण पाटीवर बसून खो मिळाल्यावर पळताना छाती कशी भरून येते ते तिला माहिती नाही आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान पाहिजे असं लिहिलंय, पण मैदान असून मुलं वर्गात बसत असतील तर त्या मैदानाचं काय करायचं.

गेटच्या बाहेरचं तर बोलायलाच नको. एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, २०२० चा नियम आहे की जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आत आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत विकायचे नाहीत. त्याच्याही आधी २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांच्या कँटीनमध्ये जंक फूड बंद करायचा जीआर काढला होता. कोणत्याही गावात मधल्या सुट्टीत गेटवर उभं राहून बघा, पाच रुपयाचे पुडे माळेसारखे टांगलेले, खाली रंगीत पाण्याच्या बाटल्या. त्या टपरीवाल्या मावशींना दोष देऊन काही होणार नाही, त्यांचंही पोट आहे, त्यांना ग्रामपंचायतीने किंवा शाळेनेच सांगावं की उकडलेले शेंगदाणे, काकडी, पेरू, चिकू ठेवा. पोरं घेतात, आमच्या इथे पेरूच्या दिवसांत गाडीवर तिखट-मीठ लावलेला पेरू कधी उरत नाही.

सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितलं, कशात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. चांगली गोष्ट आहे. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे, हे मुलांना एकदा वाटीत काढून दाखवलं की त्यांचे डोळे मोठे होतात. पण राज्य बोर्डाच्या, जिल्हा परिषदेच्या शाळांतली पोरं पण तेच पितात ना, मग बोर्ड त्यांच्या भिंतीवर का नको?

अजून एक, शालेय पोषण आहाराचं. २०२३ च्या शेवटी सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, जे खात नाहीत त्यांना केळं, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा वेगळा निधी बंद केला. ज्या पोरांच्या अंगात स्नायू कमी आहेत त्यांच्या ताटातलंच अंडं काढायचं हे मला कुठल्याच हिशोबात बसत नाही. खिचडी पोट भरते, पण वाढत्या वयाला प्रथिनं लागतात, आणि कितीतरी मुलांना ते अंडं घरी मिळत नाही.

घरच्या बाबतीत फार लांबण लावत नाही. सकाळी चहा-बिस्कीट किंवा चहा-खारी हा नाष्टा बंद करा, त्याच्याऐवजी भाकरी आणि रात्रीची उसळ असली तरी चालेल, थालीपीठ-दही असलं तर फारच छान. शहाण्यासारखा वागला म्हणून चॉकलेट, रडला म्हणून पुडा, हे तर आजी-आजोबांनी पण मनावर घ्यायला पाहिजे (मला माहितीये ते अवघड असतं). रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत, झोप प्राथमिकच्या मुलांना नऊ तास तरी. आणि घरात कोणाला डायबेटिस असेल तर मुलाच्या फक्त वजनाकडे बघत बसू नका, पोटाचा घेर वाढतोय का, मानेमागे मळ नसताना कातडी काळी-जाड दिसते का ते बघा आणि तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा. देशभरात २०१६-१८ मध्ये झालेल्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयातल्या साधारण १० टक्के मुलांची साखर बॉर्डरलाइनला होती. चाळिसाच्या वर्गात चार पोरं असं धरा आणि ती कोणती ते नुसतं बघून सांगता येणार नाही.

पालकांना माझी विनंती आहे की शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला जा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण मीटिंगला बहुतेकजण सही करून निघून जातात. येत्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा की गेल्या महिन्यात पीटीचे किती तास झाले आणि त्यातले किती मैदानावर झाले, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. गेटपासून ५० मीटरची पट्टी चुन्याने आखून घ्या, त्याला खर्च काही येत नाही. आणि संपादक साहेब, तुमच्या तालुक्याच्या वार्ताहरांनी महिन्यातून एका शाळेच्या गेटवर मधल्या सुट्टीत जाऊन काय विकलं जातंय ते छापलं तर अधिकाऱ्यांना पण तो २०२० चा नियम काढून वाचावा लागेल.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, ता. शिरूर, जि. पुणे