दर्शनी भिंत म्हणजे हॉटेल नव्हे

विसाव्या शतकाच्या मध्यात उभारलेल्या शहरी हॉटेलांच्या जीर्णोद्धाराचे कौतुक करणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. दर्शनी भाग राखला की वारसा राखला, हे त्यातील गृहीतक मात्र खटकले. त्या काळच्या हॉटेलांचा खरा ऐवज आत असतो. कोपनहेगनचे १९६० सालचे एसएएस रॉयल हॉटेल घ्या. वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेन यांनी इमारतीबरोबरच खुर्च्या, दिवे, दारांच्या मुठी, अगदी काटे-चमचेसुद्धा स्वतः आखले. आज जगभर दिसणाऱ्या ‘एग’ आणि ‘स्वान’ या खुर्च्या मूळच्या याच हॉटेलसाठीच्या. इमारत अजून दिमाखात उभी आहे, पण मूळ रूपात जपलेली खोली एकच, क्रमांक ६०६. टोकियोत उलटे घडले. ओकुरा हॉटेलची १९६२ची मुख्य इमारत २०१५मध्ये पाडायला घेतली (तो निर्णय मला आजही पटत नाही). तरी योशिरो तानिगुची यांनी रचलेली तिची लॉबी त्यांचे पुत्र योशिओ यांनी २०१९मध्ये नव्या इमारतीत पुन्हा साकारली. तेव्हा अशा कामांना परवानगी देताना आतील फर्निचर, दिवे आणि जडणकामाची सचित्र यादी संबंधितांकडून आधी मागून घ्यावी, पहिली खुर्ची भंगारात निघण्यापूर्वी.