एका रात्रीत साम्राज्य बुडत नाही

महोदय,

कल्पनारम्य कादंबऱ्यांत प्राचीन, दीर्घायुषी वंशाचं साम्राज्य बहुधा एका शापाने कोसळतं. लेखकाची ही पळवाट आहे. आधी जन्ममृत्यूचा हिशेब मांडावा. समजा, लोकसंख्या 1 लाख, आयुष्य हजार वर्षं. प्रजननक्षम स्त्रिया 40,000 आणि प्रत्येकीला शतकात एक मूल, म्हणजे वर्षाला 400 जन्म. वार्धक्याचे मृत्यू शंभरेक वजा केले तर वाढ उरते 300. एका लढाईत 3,000 कामी आले, तर नुसता आकडा भरायला दहा वर्षं. शिवाय मूल शंभराव्या वर्षी शस्त्र धरणार असेल, तर ती फळी शतकभर रिकामीच! मग सीमेवर भाडोत्री माणसं येतात, त्यांना पगार लागतो आणि नाणं हिणकस होतं. रोममध्ये सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास दिनार या नाण्यातली चांदी घटवली. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रोमन नाण्यावर जेमतेम चांदीचा मुलामा उरला.

शेतीही विसरू नये. निचरा नसलेल्या कालव्यांनी जमीन खारावते. आधी गहू जातो, जव तग धरतो. उत्कर्षाच्या प्रकरणात कालवा दाखवला असेल, तर पतनाच्या प्रकरणात त्याच काठावरचा पांढरा थर दाखवावा. जादू हवीच असेल, तर तिचाही साठा मोजून ठेवावा.

— एक वाचक